हेलिपॅडच्या यादीत तारांचा रकाना हवा

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, कोल्हापूर

विषय : पूरकाळात हेलिकॉप्टरखाली दोरानं ओझं किंवा माणूस लटकवून होणारी कामं आणि गावोगावच्या तारा

महोदय,

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ प्रमाणे जिल्ह्याचा आराखडा आपण दरवर्षी तपासता. पावसाळ्याच्या तोंडावर बोटी किती, लाइफ जॅकेट किती, निवारा कुठं, हेलिकॉप्टर कुठं उतरेल, याच्या याद्या होतात. हेलिकॉप्टरच्या यादीत एक रकाना वाढवावा, एवढ्यासाठी हे पत्र आहे. त्या जागेभोवती कोणत्या तारा आहेत, किती उंचीवर आहेत, कोणाच्या आहेत आणि त्या दाखवायला ऐनवेळी तिथं कोण उभा असेल, एवढंच त्यात लिहायचं.

मी उभी नोकरी विजेच्या लाईनवर काढली. हेलिकॉप्टर चालवलेलं नाही आणि त्यातलं शहाणपण शिकवायचाही इरादा नाही. पण तारा कुठं असतात, कुठं असून दिसत नाहीत आणि बंद केलेली लाईन परत कशी चालू होते, हे पोलावर चढून शिकलोय. निवृत्तीनंतर अपघातांचे अहवाल वाचायचा नाद लागला आणि त्यातूनच ही धास्ती बसली.

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. २०१९ला आणि २०२१ला पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बुडाला, शिरोळ तालुक्यातल्या गावांची बेटं झाली. २०१९च्या ऑगस्टमध्ये नौदलाची हेलिकॉप्टरं आपण डोक्यावर पाहिली. त्याच महिन्यात, २१ तारखेला, उत्तराखंडात उत्तरकाशी जिल्ह्यात पुराची मदत पोचवणारं एक हेलिकॉप्टर तारेला लागून कोसळलं. तिघं गेले. तार विजेची नव्हती. सफरचंदाच्या पेट्या दरीपलीकडं न्यायला लोकांनी बांधलेली ट्रॉलीची तार होती. दोनच दिवसांनी त्याच भागात तारेमुळंच दुसरं हेलिकॉप्टर आणीबाणीत उतरवावं लागलं. आपल्याकडं सफरचंद नाही. पण नदीकाठच्या मोटारीला बांबूवरून नेलेली वायर प्रत्येक गावात आहे, आणि ती कोणाच्याही नकाशावर नाही.

आपल्या लोकांना हेलिकॉप्टर आणि तार म्हटलं की निलंगा आठवतं. २५ मे २०१७ला तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उड्डाण घेता घेता खाली आलं आणि विजेच्या तारांत अडकून कोसळलं. सुदैवानं सगळे वाचले. मुख्यमंत्र्यांच्या दौऱ्यासाठी आधी ठरवलेल्या जागेची ही कथा. पुरात ऐनवेळी निवडलेल्या मैदानाचं काय सांगावं!

पण निलंग्यात मशीन स्वतः तारेला भिडलं. मला जास्त काळजी आहे ती मशीन वर आणि ओझं खाली, अशा कामाची. पोटाखालच्या हुकाला दोर, दोराच्या टोकाला जाळी, आणि जाळीत धान्य, औषधं, पाण्याच्या टाक्या, कधी जनरेटर. उतरायला जागाच नसेल तर हाच मार्ग उरतो. गच्चीवरून विंचच्या, म्हणजे हेलिकॉप्टरातल्या दोर गुंडाळणाऱ्या यंत्राच्या, दोरानं वर घेतलेला माणूस हेही लटकतं ओझंच. अमेरिकेच्या नियमांत तर माणूस लटकवण्याच्या कामाला स्वतंत्र वर्ग आहे.

या कामात पायलटची नजर पुढं नसते, खाली असते. लांब दोर असेल तर तो दारातून मान बाहेर काढून किंवा फुगीर काचेतून सरळ खाली ओझ्याकडं बघत मशीन एका जागी धरून ठेवतो. मशीन तारांच्या बरंच वर, सुरक्षित असतं. दोर आणि ओझं मात्र तारांच्या थरातूनच खाली जातं आणि त्यातूनच वर येतं. गावातले सिमेंटचे पोल आठ-नऊ मीटरचे. पन्नास मीटरच्या दोराला लटकलेली जाळी वाऱ्यानं झोका घेते, आणि तिच्यात आणि तारेत किती अंतर उरलंय हे वरून बघणाऱ्याला नीट कळत नाही. जाळी तारेत अडकली की हेलिकॉप्टर दाव्याला बांधलेल्या जनावरासारखं हिसका खातं. हूक सोडायचं बटण पायलटच्या हाताशी असतं, ते चाललं नाही तर ओढायची दुसरी सोयही असते. पण ठरवायला एक-दोन सेकंदच मिळतात, आणि सोडलं तर ओझं खाली जे कोणी असेल त्याच्यावर पडतं. रिकामा दोरही कमी नाही. टोकाला वजन नसेल तर तो वेगात मागं उडतो आणि शेपटीच्या पंख्यात जाऊ शकतो.

बऱ्याच हेलिकॉप्टरांच्या नाकावर तार कापायची पाती असतात, म्हणून कोणी निर्धास्त राहील. ती पाती मशीन वेगानं पुढं जात असताना कामाची. समोर आलेली तार काचेवरून घसरत पात्यात जाते आणि तुटते. एका जागी तरंगणाऱ्या मशीनला त्यांचा उपयोग जवळपास नाही, आणि खाली लटकलेल्या दोराला तर अजिबात नाही.

युरोपात या कामांच्या पायऱ्या केल्या आहेत. २० मीटरपर्यंतच्या दोराचं काम वेगळं, त्याहून लांब दोराचं वेगळं, आणि टॉवर उभारणं किंवा तारा ओढणं ही सगळ्यांत वरची, अवघड पायरी. प्रत्येक पायरीला वेगळं शिक्षण. म्हणजे हेलिकॉप्टर उडवता येणारा प्रत्येक जण हे काम करू शकतो असं तिथले लोकही मानत नाहीत.

आता आमच्या धंद्यातल्या एका समजाविषयी, कारण पुरात सगळा कारभार त्याच्यावरच चालतो. पाणी चढलं की फिडर, म्हणजे उपकेंद्रातून गावांकडं वीज नेणारी लाईन, बंद करतात. ते बरोबरच आहे, करायलाच हवं. मग नियंत्रण कक्षात निरोप जातो, "लाईन बंद आहे, काही काळजी नाही." वायरमनसाठी हे खरं, बोटीतल्या माणसासाठीही खरं. हेलिकॉप्टरसाठी मात्र नाही. पंख्याला आणि दोराला करंटशी काही देणंघेणं नाही, अडकायला नुसती तार पुरते. उलट बंद लाईनचा निरोप गेला की ती लाईन सगळ्यांच्या डोक्यातून जाते. त्या दिवशी तिचं कोणी नावसुद्धा काढत नाही.

आणि लाईन बंद म्हणजे बंदच राहील, याचीही खात्री नसते. गावात कोणी चेंजओव्हर, म्हणजे जनरेटर चालू असताना घर लाईनपासून तोडणारा स्विच, न बसवता जनरेटर जोडला की उलटा करंट थेट लाईनवर येतो. फिडर ट्रिप झाला, म्हणजे बिघाडानं आपोआप बंद पडला, की फांदी पडली असेल म्हणून उपकेंद्रातला ऑपरेटर थोड्या वेळानं ट्रायल घेतो, म्हणजे लाईन पुन्हा चालू करून बघतो. मोठ्या पारेषण लाईनवर तर सेकंदा-दीड सेकंदात लाईन आपोआप पुन्हा चार्ज करून बघणारी यंत्रणाच असते. दोर तारेला लागल्यामुळं फिडर ट्रिप झालाय हे उपकेंद्रात बसलेल्याला कसं कळणार? ओला, चिखलानं माखलेला दोर नायलॉनचा असला तरी करंट वाहू शकतो, आणि त्याचं खालचं टोक धरून मदतीला आलेली पोरं उभी असतात. म्हणून जिथं हेलिकॉप्टरचं काम ठरेल तिथं लाईनचं रीतसर परमिट, म्हणजे ती बंद ठेवून काम करायची लेखी परवानगी, घेतलं पाहिजे, दोन्ही बाजूंनी तारा जमिनीशी जोडून अर्थिंग झालं पाहिजे, आणि काम संपल्याचा निरोप येईपर्यंत ट्रायल घ्यायची नाही असं उपकेंद्राला लेखी कळवलं पाहिजे. परमिटावर काम करायची शिस्त आमच्या लोकांना आहे. हेलिकॉप्टरचं कामही त्या शिस्तीत आणायचं, एवढंच.

पुरात उंचीचं गणितही बदलतं. रस्ता ओलांडणारी ११ किंवा ३३ केव्हीची तार नियमानं किमान ६.१ मीटर उंच असायला हवी. रस्त्यावर तीन मीटर पाणी असेल तर पाण्यापासून तिची उंची उरली तीन मीटर. बोटीत उभा राहिलेला माणूस हात वर करून तिच्या भलत्याच जवळ पोचतो. माणसं गच्चीवर चढलेली असतील तर घराची सर्व्हिस वायर त्यांच्या कमरेला लागते. तिथंच विंचचा दोर खाली यायचा असतो.

आता शिरोळ तालुक्यातलं एखादं शाळेचं मैदान डोळ्यांपुढं आणा. फाटकाशी डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर. रस्त्याकडेनं ११ केव्हीची लाईन, तिचा एक फाटा मैदानाचा कोपरा कापून नदीकडच्या जॅकवेलला, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीला. कोपऱ्यावरच्या पोलाचा ताण, म्हणजे पोल वाकू नये म्हणून जमिनीत बांधलेली तार, तिरका उतरून शेजारच्या उसात गेलेला. ऑगस्टमध्ये ऊस माणसाच्या डोक्यावर असतो, ताण दिसत नाही. पलीकडं दोन जुने पोल, मोटार केव्हाच बंद पडलेली, तार मात्र अजून तशीच लोंबतेय. केबलवाल्याची काळी वायर ग्रामपंचायतीच्या गच्चीवरून शाळेच्या छपरावर आलेली. पंधरा ऑगस्टसाठी स्टेजकडं नेलेली स्पीकरची वायर काढायची राहून गेलेली. शिवाय ध्वजाचा खांब. यादीत या सगळ्यासमोर "शाळेचं मैदान, हेलिकॉप्टर उतरण्यास योग्य" एवढंच लिहिलेलं असेल, तर ते वाचून बाहेरगावच्या पायलटला काय कळायचं?

हवेतून तार दिसत नाही, पोल दिसतात. काही वर्षांत ॲल्युमिनियमची चकाकी जाऊन ती पावसाळी आभाळाच्या रंगाची होते. पारेषणच्या टॉवरवर तर आणखी एक फसगत आहे. जाड तारा पाहून पायलट त्यांच्यावरून जायला वर चढतो, आणि सगळ्यांत वर टॉवरच्या शेंड्यावरून गेलेली बारीक अर्थ वायर राहून जाते. म्हणून शिकलेला पायलट तारेऐवजी टॉवर शोधतो आणि टॉवरच्या माथ्यावरूनच लाईन ओलांडतो. पण ओझं खाली सोडायची जागा टॉवरशी नसते, गावात असते.

तुम्ही म्हणाल, नकाशा दिला की झालं. नकाशा हवाच, पण नुसत्या नकाशानं भागत नाही. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा संस्थेनं २००१ ते २०१० मधल्या तारेच्या धडकांचा अभ्यास केला. दहा वर्षांत १८० घटना, त्यातल्या १०० शेतीवरच्या फवारणीसारख्या कामांतल्या. शेतीकामातल्या या घटनांपैकी ६३ टक्क्यांत पायलटला ती तार तिथं आहे हे आधीच ठाऊक होतं! म्हणजे अडचण फक्त अज्ञानाची नाही. पाहणी झाली, तार दाखवली, कागदावर आली; पण काम सुरू झाल्यावर लक्ष ओझ्याकडं, वाऱ्याकडं, खाली गोळा झालेल्या लोकांकडं गेलं आणि नेमक्या त्या क्षणी तार विसरली. त्या क्षणी कोणीतरी तारेची आठवण करून द्यायला हवी.

आठवण करून देणारा माणूस प्रत्येक गावात आहे. त्या सेक्शनचा वायरमन. कोणत्या उसात कोणता ताण आहे, कोणत्या फाट्याला बॅक फीडची, म्हणजे उलट्या करंटची, शक्यता आहे, कोणाची चोरून टाकलेली वायर कुठून जाते, हे त्याला पाठ असतं. यात कंत्राटी वायरमनही धरा. गावातली बारीकसारीक माहिती बहुतेक वेळा त्यांच्याकडंच असते, आणि बैठकीला मात्र त्यांना कोणी बोलावत नाही. हेलिकॉप्टर यायचं म्हटलं की मैदानावर पुढारी, मंडळाचे कार्यकर्ते, मोबाइल वर धरलेली पोरं अशी गर्दी होते. त्या गर्दीत वायरमन सगळ्यांत मागं उभा असतो. त्याला पुढं घ्या. पायलटशी थेट बोलणं हे त्याचं काम नाही. पायलटशी संपर्कात असलेल्या जवानाच्या शेजारी उभं राहायचं, उत्तरेला लाईन, कोपऱ्यात ताण, गच्चीवरून केबल असं हातानं दाखवून सांगायचं, आणि दोर तारेकडं सरकतोय असं दिसलं की जवानाचा दंड धरायचा. पुरात तोही दमलेला असेल, त्याचंही घर पाण्यात असेल. म्हणून प्रत्येक जागेसमोर दोन नावं लिहा.

जमिनीवरच्या लोकांनाही चार गोष्टी सांगून ठेवायला हव्यात. वरून येणाऱ्या हुकाला थेट हात लावायचा नाही. पंख्यामुळं मशीनवर स्थिर वीज साठते, आधी अर्थिंगची काठी लावायची. पंख्याच्या वाऱ्यानं शाळेचे पत्रे उडतात, सैल तारा एकमेकींवर आदळतात, एखादी तुटून पाण्यात पडते. ओझं ज्या वाटेनं येणार त्या वाटेखाली कोणी थांबायचं नाही. ऑस्ट्रियात सोल्डनला ५ सप्टेंबर २००५ला हेलिकॉप्टरखालचं काँक्रीटचं ओझं सुटून चालू रोपवेवर पडलं आणि नऊ जण गेले. खाली रोपवे बंद असता तर ते वाचले असते. आपल्याकडं ३१ ऑगस्ट २०२४ला केदारनाथहून एक नादुरुस्त हेलिकॉप्टर हवाई दलाच्या एमआय-१७ हेलिकॉप्टरखाली लटकवून नेताना ते मध्येच दरीत पडलं. जीवितहानी झाली नाही, कारण खाली दरी होती. शिरोळला दरी कुठली? पुरात कोरडी जमीन उरते तेवढ्यावर माणसं आणि जनावरं दाटीनं बसलेली असतात. अमेरिकेत दाट वस्तीवरून असं ओझं न्यायचं तर आधी लेखी योजना करून मंजूर करून घ्यावी लागते. आपणही ओझ्याच्या वाटा आधी आखून ठेवाव्यात, जमेल तिथं नदीच्या पात्रावरून. मात्र पात्र ओलांडणाऱ्या तारा आधी मोजूनच.

तारा म्हणजे फक्त विजेच्या असं धरू नका. ८ मे २०२५ला उत्तरकाशीत गंगनानीजवळ कोसळलेल्या हेलिकॉप्टरच्या प्राथमिक चौकशी अहवालात रस्त्याच्या कडेनं गेलेल्या फायबर केबलला पंखा लागल्याचं आलंय. पायलट रस्त्यावर उतरायचा प्रयत्न करत होता. सहा जण गेले. आता आपल्या शहरातल्या आणि गावातल्या फायबर केबल बघा. कोणत्या पोलावरून कोणत्या गच्चीवर गेलीय, कुठून परवानगी घेतली, कोणी सांगू शकत नाही. वर ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे गणपती. मंडळांच्या पताकांच्या दोऱ्या आणि कमानी नेमक्या पुराच्याच महिन्यात रस्त्यांवर येतात. तालमीच्या पोरांना सांगितलं तर ती अर्ध्या तासात काढून देतील, पण सांगायला तर हवं.

नदी ओलांडणाऱ्या मोठ्या तारांवर रंगीत गोळे बसवायची पद्धत जगभर आहे. आंतरराष्ट्रीय मानकात ६० सेंटिमीटरचा गोळा आणि दोन गोळ्यांत ३० मीटर अंतर धरलंय. पंचगंगा, कृष्णा, वारणा ओलांडणाऱ्या कोणत्या लाईनवर असे गोळे आहेत आणि कुठं गळून पडलेत, याची पाहणी पारेषण कंपन्यांकडून करून घ्यावी. लहान लाईनवर तेवढं वजन टाकता येत नाही. तिथं निदान दोन्ही काठांचे पोल तरी भडक रंगवता येतील. खर्च म्हणाल तर एक डबा रंग.

पूर नसतानाही हा विषय येणार आहे. गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडच्या डोंगरांत टॉवरचं सामान न्यायला रस्ते नाहीत. जोतिबा-पन्हाळ्याच्या रोपवेचीही चर्चा अधूनमधून ऐकू येते. उद्या कोणी कंत्राटदार हेलिकॉप्टरनं सामान वर न्यायचं म्हणाला, तर उड्डाणाची परवानगी त्याची तो घेईल. पण जिल्ह्याकडं येणाऱ्या अर्जासोबत त्या डोंगरावरच्या सगळ्या लाईनमालकांची सही असल्याशिवाय पुढं जाऊ नका. महावितरण, महापारेषण, पॉवरग्रीड, मोबाइल टॉवरवाले आणि केबलवाले, सगळ्यांचीच.

एक गोष्ट मात्र सगळ्यात आधी ठरवावी लागेल. काही जागा यादीतून काढाव्या लागतील. चारी बाजूंनी तारा असलेल्या मैदानावर कितीही नकाशा काढला तरी ते हेलिकॉप्टरला योग्य होत नाही. तिथं बोटच बरी. गावकरी नाराज होतील, पुढारी फोन करतील, तरी अशा जागेसमोर "हेलिकॉप्टर नाही" असं स्पष्ट लिहून ठेवा. ऐनवेळी तो निर्णय घ्यायची पाळी पायलटवर येऊ देऊ नका.

या कामाला महिना एप्रिल-मेचा. ऊस तुटून गेलेला असतो, रान मोकळं असतं, ताण, जुने पोल, लोंबत्या तारा सगळं उघडं दिसतं. याच महिन्यात बिनकामाच्या तारा उतरवूनही टाकता येतील. जूनच्या पहिल्या पावसानंतर शिवारात शिरून काही मोजता येत नाही. तालुक्यात माझ्यासारखे निवृत्त लाईनमन बरेच आहेत. आपण एक परिपत्रक काढलं आणि सोबत तलाठी दिला, तर शिरोळ, करवीर आणि हातकणंगले तालुक्यांतल्या पूरपट्ट्यातलं मोजमाप आम्ही मानधन न घेता करून देऊ. रकाना कसा भरायचा याचा एक नमुना आमच्या गावच्या मैदानासाठी भरून मी तहसील कार्यालयात देऊन ठेवतो.

आपला नम्र,
शिरोळ तालुक्यातला एक निवृत्त लाईनमन